कौसाच्या पिक्चरातली बाई

ये गं कौसे, अशी जवळ ये. तिकडं लांब भिंतीला टेकून बसू नकोस पाहुण्यासारखी. भांडायचं आहे मला तुझ्याशी, आणि मोठ्यानं भांडले तर सुनेला वाटेल सासूबाई एकट्याच बोलायल्या. तर कान इकडं कर. असं जातं का गं कुणी? ऐन वेचणीच्या तोंडावर? बोंडं फुटायला लागली, रानं पांढरी व्हायला लागली, आणि तू आपली निघालीस. माणसानं निदान हातातलं काम तरी उरकून जावं. तू तर तोंडातली गोष्ट अर्धी टाकून गेलीस.

तुझ्या पुण्यानुमोदनाला भंतेजी आले होते. सगळ्या वस्तीनं बुद्धवंदना म्हटली, तुझ्या फोटोला फुलं वाहिली. मग त्यांनी समजावून सांगितलं की आत्मा वगैरे काही नसतं, दिवा विझला की ज्योत कुठं गेली असं विचारायचं नसतं. मी हात जोडून ऐकलं. पटलंसुद्धा. आणि घरी येऊन चपला काढल्या न काढल्या तोच तुला म्हटलं, "बघ कौसे, किती माणूस जमलं होतं." पटणं वेगळं आणि सवय वेगळी, त्याला मी काय करू?

तुझी लेक वंदना म्हणाली, "धुरपामावशी, आईबद्दल काहीतरी लिहा, आपण छापून वाटू." तू कुठं जन्मलीस, लेकरं किती, नातवंडं किती, ते ज्यांना माहीत त्यांना माहीत आहे. मी तुझ्या पिक्चरबद्दल लिहिणार.

आपण दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन चारठाण्याच्या बौद्ध वस्तीत आलो. तू चुडाव्याची, रेल्वेच्या गाड्या बघत वाढलेली, म्हणून तुला सारखं कुठंतरी जावंसं वाटायचं. मी कुठंच न गेलेली, म्हणून मला तू सांगशील ते खरं वाटायचं. एका साली तू भाचीच्या बाळंतपणाला माहेरी गेलीस. तुझा भाऊ रेल्वेत गँगवर कामाला. नात झाली म्हणून तो इतका खूश झाला की सगळ्यांना घेऊन पूर्ण्याच्या थेटरात गेला. तिथून तू परत आलीस ती अर्धीच आलीस. अर्धी तिथं अंधारात, खुर्चीवर बसूनच राहिली होती. चुलीवर भाकर करपायची आणि तू आपली धुराकडं बघत बसायचीस.

"काय आणलंस गं माहेराहून?" मी विचारलं.

"पिक्चर आणलाय."

"कुठं हाय?"

तू डोळे मिटलेस. "हितं."

दुसऱ्या दिवशी कापसात ओळीनं पात धरून वेचायला लागलो आणि तू सुरू केलंस. अजून ऐकू येतं मला. थंडीचे दिवस, सकाळचं धुकं पऱ्हाटीच्या शेंड्यांवर अडकलेलं, आणि त्या धुक्यातून फक्त तुझा आवाज.

"एक गडी हाय बघा. घड्याळं दुरुस्त करतोय. गोऱ्यांच्या देशात लय जुना मनोरा हाय, त्याच्यावर बैलगाडीच्या चाकाएवढं घड्याळ. ते पडलं बंद. ह्यो वर चढला. आत नुसते लोखंडी दाते, एकात एक, एकात एक. त्यानं एक दाता उलटा फिरवला आन् गेला."

"मेला?" मथुरानं विचारलं. मथुरा ती मथुराच, तिला आधी मेल्याची चौकशी.

"मेला न्हाई गं. मागं गेला. राजेरजवाड्यांच्या काळात."

"मागं म्हंजी किती मागं? माझ्या सासूच्या सासूच्या काळात?"

"त्याच्याबी लय मागं. आपल्या हितलं जुनं देऊळ बांधायले होते ना, तवाच्या काळात."

झालं. तेवढं म्हटलंस आणि तो गोऱ्यांचा देश चारठाण्याच्या शिवारात येऊन बसला. किल्ला आपोआप देवगिरीसारखा झाला. मधे ओढा होता तिथं खंदक आला. लोखंडी अंगरखे घातलेले शिपाई घोड्यावरून यायले म्हणालीस तेव्हा मी खरोखर मान वर करून बांधाकडं बघितलं होतं. मथुरानं विचारलं, "सगळं अंग लोखंडात, मग खाज सुटली तर काय करत असतील?" तू जराही अडली नाहीस. "त्याला येगळा नोकर असतोय. लांब काडी घेऊन मागं पळायला." सगळ्या पातीत हसू फुटलं. शेतमालक लांबून ओरडला, "दातानं येचायल्या का हातानं?"

नव्या लेकींना आता माहीत नाही म्हणून सांगते, आपला एक रिवाज होता. सांगणारीचं चित्त गोष्टीत असतं, तिची कमरेला बांधलेली ओटी काही लवकर भरत नाही, आणि मजुरी तर वजनावर. म्हणून ऐकणारीनं आपल्या ओटीतून एक ओंजळ कापूस तिच्या ओटीत टाकायचा. आणि ओंजळ टाकायची ती गोष्ट आवडली तर. नाही आवडली तर आपण आपलं मुकाट्यानं पुढं सरकायचं. त्याआधी एकदा तू नागाचा एक पिक्चर दोन दिवसांत सांगून मोकळी झाली होतीस आणि तिसऱ्या दिवशी तुला कुणी ओंजळ टाकेना. गोष्ट संपली, रिवाज संपला. तेव्हापासून तू शहाणी झालीस. पिक्चर असा ताणायचा की वेचणी संपावी पण पिक्चर संपू नये. आमच्या ओंजळी बघून तू पुढचं ठरवायचीस. राजकन्या आली की ओंजळी कमी पडायच्या. "तिला काय धाड भरली," असं सगुणाआत्या म्हणायच्या, "दासी हायेत, पलंग हाय." मग तू राजकन्येला झोपवून टाकायचीस. दोन दोन दिवस झोपायची बिचारी.

आणि मग ती आली. वेशीबाहेरची बाई.

तो घड्याळवाला मनोऱ्यावरून गडगडत मागच्या काळात पडला, धुळीत, गडाच्या दरवाज्यापुढं. घशाला कोरड. दरवाजा बंद. आणि वेशीच्या बाहेर एक झोपडं, झोपड्यापुढं एक बाई. त्यानं तिच्याकडं पाणी मागितलं. तू तिचा आवाज काढलास तेव्हा तो तुझा आवाज राहिलाच नाही. खाली, दबलेला, जमिनीतून आल्यासारखा.

"बाबा, माझ्या हातचं पिऊ नको. कुणी बघितलं तर तुझंबी डोकं जाईल आन् माझंबी."

बोंडातून कापूस सुटतो त्याचा आवाज ऐकू येत होता. तू हात थांबवलास, सगळ्यांकडं बघितलंस आणि म्हणालीस, "त्यानं मडकं उचललं आन् तोंडाला लावलं."

सगुणाआत्या आपल्या सगळ्यांत थोरल्या. त्यांनी लहानपणी आडाच्या बाजूला घागर घेऊन उभं राहून कुणीतरी वरून ओतायची वाट बघितलेली होती. त्या उठल्या, तुझ्यापुढं आल्या, आणि ओंजळ नाही, आपली अख्खी ओटी तुझ्या ओटीत रिकामी केली. मग पाण्याच्या मडक्याकडं चालत गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहून कितीतरी वेळ पाणी पीत राहिल्या.

त्या दिवसापासून पिक्चर त्या बाईचाच झाला. राजा, सरदार, लढाई सगळं वेशीच्या आत, आणि आपण सगळ्या वेशीच्या बाहेर त्या झोपड्यापाशी. तिनं घड्याळवाल्याला कडब्याच्या गंजीत लपवलं. तिनं त्याला ज्वारीची शिळी भाकर दिली आणि त्याला ती लय गोड लागली. तो तिला पुढच्या काळाच्या गोष्टी सांगायचा. आगीनगाडी सांगितली तर ती हसली. विमान सांगितलं तर म्हणाली, "ऊन लागलंय तुला." आणि एकदा तो म्हणाला, पुढं असा काळ येतो की तुमच्या लेकी आणि गडावरच्या लेकी एकाच पाण्यावर जातात. तेव्हा मात्र ती हसली नाही. "परत सांग," म्हणाली. "हळू सांग." दर वेचणीला ते एवढंच आम्ही तुझ्याकडून परत परत सांगून घ्यायचो. सगुणाआत्या असेपर्यंत त्या म्हणायच्या, "कौसा, ते परत सांग. हळू सांग."

तुला आठवतं, एकदा दुपारी काम लवकर सुटलं आणि तू मला जुन्या देवळाकडं घेऊन गेलीस? हिवाळ्याचं पिवळं ऊन खांबांवर पडलं होतं. कुणी नव्हतं तिथं, एक शेळी होती. तू एका खांबावर तळहात ठेवलास आणि डोळे मिटून उभी राहिलीस.

"ऐक," म्हणालीस. "छिन्नी वाजायली."

"काय बी नको सांगू."

"हात तर लाव."

मी लावला. दगड उन्हानं गरम झालेला. आणि खरं सांगते कौसे, मला आजवर कुणाला सांगायची लाज वाटली, पण वाजत होतं काहीतरी. लांबून, दगडाच्या आतून, टक टक. तुझ्या बांगड्या असतील, माझं काळीज असेल. तू म्हणालीस, "ह्यो दगड खाणीतून हितपर्यंत कुणी वाहिला असंल? देऊळ झाल्यावर त्यांना आत येऊ दिलं असंल का?" मग तू स्वतःच म्हणालीस, "न्हाई दिलं." मावळेपर्यंत आपण त्या पायरीवर बसलो. सगळ्या खांबांच्या सावल्या लांब लांब होत गेल्या, आपल्या अंगावरून पुढं गेल्या. परत येताना रस्ता ओळखीचा वाटत नव्हता. विजेचे खांब बघून मला नवल वाटलं, हे कधी आले!

आता भांडणाचं सांगते.

घड्याळवाल्याला घंटा व्हायच्या आत परत मनोऱ्यावर पोचायचं होतं. पोचला नाही तर तो कायमचा मागं. तो पळाला, शिपाई मागं, ती बाई वाट दाखवत पुढं. मनोऱ्याच्या दारात तो थांबला, तिच्यापुढं हात केला, म्हणाला, "चल माझ्यासंगं." आणि इथं तू दर साली गप्प बसायचीस. वेचणी संपलेली असायची.

"नेलं का तिला?" मी विचारायची.

"पुढल्या येचणीला सांगते."

"न्यायलाच पाहिजे! तिथं काय ठेवलंय तिचं? धुळीत बसायचं, कुणाची सावली पडू द्यायची न्हाई, मेलेली ढोरं ओढायची."

"आन् तिकडचं काय?"

"तिकडं कोण हाय तिचं?"

"हाय की."

"कोण?"

"तुला न्हाई कळायचं, धुरपे."

हे असं बोललीस की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मला वाटायचं, तू हट्टानं त्या बाईला तिथं सडत ठेवतेस. एकदा तर आपण दोन वेगळ्या बांधांवर बसून भाकरी खाल्ली. मथुरा मधे येऊन ठेचा इकडून तिकडं पोचवत होती आणि सगळ्यांना सांगत होती, "बघा गं, पिक्चरातल्या बाईवरून ह्या दोघींचं वाटणीपत्र झालं." लोक हसायचे. पण मला तेव्हा हसू आलं नाही. मी मनात म्हणायची, ज्या काळात आपल्याला पाणी मिळत नव्हतं त्या काळात कुणालाही एक घटकासुद्धा का ठेवावं? आणि तुला तो काळ इतका का ओढतो? तू खांबांना हात लावून डोळे मिटायचीस आणि मला तुझी भीती वाटायची, की एखाद्या दिवशी तूच दाता उलटा फिरवून निघून जाशील.

परभणीच्या दवाखान्यात मी तुला शेवटचं भेटले. हाताला सुई, ओठ सुकलेले, पण डोळ्यांत तीच खोडी. मी कापसाची बातमी दिली, अमक्याच्या रानात चांगला आहे, तमक्याचा गेला. मग इकडंतिकडं बघून हळूच विचारलं, "आता तरी सांग की. नेलं का तिला?"

तू हसलीस. "येचणी होऊ दे. सांगते."

मी पण हसले. दोघी हसलो म्हणून बाजूच्या खाटेवरची बाई आपल्याकडं बघायला लागली. मला काय माहीत गं ते शेवटचं म्हणून? मी बस चुकेल म्हणून उठले. तुझ्या पायावरचं पांघरूण नीट केलं आणि निघाले. दारातून वळून बघायला पाहिजे होतं.

तुझा कार्यक्रम झाल्यावर पाहुणे गेले, आणि दुपारी वंदनानं आम्हाला बोलावलं. गंगाखेडला शाळेत शिकवते तरी इथं आली की तुझीच लेक असते, पदर खोचून सगळ्यांना चहा. म्हणाली, "आईचा तो पिक्चर मला सापडलाय. बघायचा?" बघायचा म्हणजे काय! आख्खी वस्ती टीव्हीपुढं. मथुरा सगळ्यांत पुढं, गुडघे दुखतात म्हणून पाय लांब करून, त्यामुळं मागच्यांना तिचे पायच दिसायले. तुझा फोटो वंदनानं काढून मांडीवर घेतला होता, म्हणजे तूही होतीस.

सुरू झाला. मनोरा आला. घड्याळ आलं. "अगं, तेवढंच हाय!" मथुरा ओरडली. "बैलगाडीच्या चाकाएवढंच हाय!" दाते आले, एकात एक, एकात एक. तुझं एकेक वाक्य समोरून जायला लागलं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी पुसत नव्हते, कारण पुसलं तर तेवढं बघायचं राहील. त्यानं दाता उलटा फिरवला. पडला धुळीत. दरवाजा बंद. आम्ही सगळ्या सरसावून बसलो. आता येणार ती.

नाही आली.

शिपाई आले, त्याला घोड्यावर टाकून आत घेऊन गेले. "असंल पुढं," कुणीतरी म्हणालं. जेवणावळ झाली, लढाई झाली. राजकन्या आली ती जाईचना. "हिला झोपव की आता," मथुरा टीव्हीला म्हणाली. गंजी दिसली, कडबा दिसला, आम्ही परत सरसावलो, पण तिथं घोडे होते. घंटा वाजायला लागली. तो मनोऱ्याच्या दारात आला, हात पुढं केला, आणि त्या हातात हात दिला राजकन्येनं. दोघं वर गेले. गाणं लागलं. संपलं.

कुणी उठलं नाही.

मग मथुरा म्हणाली, "भाग कापलाय ह्यांनी."

"कापलाच," दुसरी म्हणाली.

"आपल्या माणसाचा भाग हाय ना, बरोबर तेवढाच कापत्यात. बाकी सगळं ठेवलंय बघा. घोडेबी ठेवलेत."

वंदना फोटो घेऊन उभी होती. म्हणाली, "मावशी, कापला नाही. ती पिक्चरमध्ये नव्हतीच कधी. आईनं घातली होती."

तिनं सांगितलं, कॉलेजात असताना तिनं हा पिक्चर पाहिला होता आणि घरी येऊन तुला पकडलं होतं. तेव्हा तू म्हणाली होतीस, "थेटरात बसले तवा मी आपलं माणूस हुडकायले. एवढा मोठा गड, एवढे घोडे, एवढी जेवणं. मग पाणी कोण भरतंय, घाण कोण काढतंय? कुणीच दिसंना. मी शेवटपर्यंत हुडकलं. न्हाईच दिसलं. मग मीच आणून बसवलं." आणि लेकीला दटावलं होतंस, "कुणाला बोलू नको. येचणी मोडंल."

मी रागावले तुझ्यावर, खोटं कशाला बोलू. घरी येऊन जेवले नाही. म्हटलं, हिनं जन्मभर मला हिच्याच मनातल्या बाईवरून भांडायला लावलं! मी समजत होते की तू बघून आलेली गोष्ट मला सांगत नाहीस. आणि ती बघितलेली नव्हतीच. वर गोधडी ओढून पडले आणि तुला खूप बोलले. मग बोलता बोलता माझ्या ध्यानात आलं की ती बाई कुठल्याच थेटरात नाही, कुठल्या मोबाईलमध्ये नाही. तिचं पुढं काय झालं ते जगात एकट्या तुला माहीत होतं, आणि तू दिवा विझावा तशी विझलीस. ती तशीच उभी आहे मनोऱ्याच्या दारात, घंटा वाजायली, समोर हात. तिला तिथून कोण हलवणार आता?

वेचणी लागली तशी सगळ्यांनी मला धरलं. "धुरपाबाई, आता तू सांग." मी म्हटलं, मला येत नाही. मथुरा म्हणाली, "तूच लय भांडायचीस ना तिच्या बाजूनं? मग सोडव की तिला." आणि मी तोंड उघडायच्या आधीच माझ्या ओटीत पहिली ओंजळ पडली. आता रिवाज मोडता येतो का? लागले सांगायला. माझा आवाज तुझ्यासारखा नाही, मधेच मी विसरते, मग मागून कुणीतरी आठवण करून देतं. कुणी म्हणत नाही की ती खरी नव्हती. त्या दिवशी टीव्हीपुढं बसलेल्याच सगळ्या आहेत, पण जणू तो टीव्हीवाला पिक्चरच चुकलेला होता.

काल मनोऱ्याच्या दारात पोचले. वंदना सुट्टी म्हणून आली होती, तुझी पात धरून वेचत होती. धुकं होतं. मी म्हटलं, "त्यानं हात केला, म्हणला, चल माझ्यासंगं." आता पुढचा शब्द माझा होता. किती सालं मी तो तोंडात धरून ठेवला होता. आणि वाक्य काही सुटेना. कारण समोर बघितलं तर धुक्यात सगळ्या ओळीनं वाकलेल्या, मथुरा, तिची सून, सगुणाआत्याची नात, वंदना, आणि मला वाटलं ही ओळ मागं मागं जायली. आयांच्या मागं आया, आज्या, पणज्या, सगळ्या अशाच वाकलेल्या, पार त्या गडाच्या वेशीपर्यंत. ती जर त्याच्याबरोबर निघून आली, तर ह्या कुठून येणार?

तिकडं कोण हाय तिचं? हाय की. आपणच की गं. ती राहिली म्हणून आपण झालो. तू हे एवढं तेव्हा फोडून सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? तुला न्हाई कळायचं म्हणे. कळलं बघ. तू गेल्यावर कळलं.

पण म्हणून मी हरले नाही हां. ऐक, मी काय सांगितलं ते. मी सांगितलं, तो म्हणाला, "एका दिवसासाठी चल. सांजच्या घंटेला परत सोडतो." आणि ती आली. गोऱ्यांच्या देशात नाही, इथं. नळाजवळ येऊन उभी राहिली, लांब, हात मागं बांधून. मथुरा मधेच बोलली, "मी म्हणले तिला, लाव तोंड, कुणी काय म्हणत न्हाई." ती प्यायली. पाणी हनुवटीवरून गळ्यावर आलं. सगुणाआत्याची नात म्हणाली, "मी तिला चहा दिला, बशीत. बिस्कीट बुडवून दिलं." एकीनं तिला चपला दिल्या, एकीनं फोडणीचं वरण घातलं. सगळ्या पातीनं तिची उठबस केली, मला सांगायला काही ठेवलंच नाही. मग मी तिला लाल बसमध्ये बसवून गंगाखेडला नेलं, वंदनाच्या वर्गाच्या खिडकीशी उभं केलं. आत वंदना फळ्यावर लिहीत होती आणि पोरं, सगळ्या घरांची पोरं, एका सतरंजीवर बसली होती. ती बाई कितीतरी वेळ बघत राहिली. विचारलं, "ही कुणाची?" मी म्हटलं, "तुझीच."

मग संध्याकाळी ती आपणहून म्हणाली, "मला सोडा आता. मी जायलाच पाहिजे. न्हाईतर ही पोरगी कुठून यायची?"

वंदना पातीत खाली बसली, पऱ्हाटीत तोंड घालून. कुणी तिला उठवलं नाही. मग एकेकजण आली आणि माझ्या ओटीत ओंजळ टाकून गेली.

तर असं केलंय मी, तुला न विचारता. तू म्हणशील चुकलं. म्हणशील, ती एकदा पाणी पिऊन गेली तर परत कशी जाईल, जीव कसा लागेल तिचा तिथं? मलाही तोच प्रश्न पडलाय, आणि त्याचं उत्तर मला येत नाही. तुझ्याशिवाय त्यावर भांडायला दुसरं कुणी नाही. म्हणून म्हणते, तूही एक दिवस ये. मुक्कामाचा आग्रह करत नाही. धुक्यातून ये, झोपेत ये, कशीही ये. दुपारची भाकर माझ्यातली खा, मला चार शब्द बोल, सांज झाली की जा. पण लवकर ये गं कौसे. वरच्या रानातलं थोडंच राहिलंय वेचायचं.